हल्ली मुक्काम तिवसा

फेसबुकवर पाचवीतल्या मित्राची मावसबहीण दोन मिनिटांत सापडते. पण आपल्या आजोबांच्या आजोबांचं नाव? ते कुठून आले, काय करत होते? मी शोधायला निघाले आणि घरातल्या पेटीतच अडकले...

सुरुवात झाली एका स्वीडिश माणसामुळे. हा माणूस जाऊन शंभरावर वर्षं झालीत, पण त्याचा खापरपणतू अमेरिकेत मिनेसोटात राहतो आणि हिंजवडीतल्या माझ्या मैत्रिणीच्या टीमचा क्लायंट आहे. एका कॉलच्या शेवटी उगाच गप्पा निघाल्या आणि गड्याने धडाधड सगळं सांगितलं. खापरपणजोबा स्वीडनमधल्या स्मोलँड भागातले. अमुक साली, अमुक चर्चमध्ये बाप्तिस्मा. गोथेनबर्गहून बोटीने इंग्लंडमधलं हल, तिथून ट्रेनने लिव्हरपूल आणि मग मोठी बोट पकडून अमेरिका. बोटीचं नावसुद्धा तयार!

मैत्रीण इम्प्रेस झाली. मला फोन करून म्हणाली, ''तुझे खापरपणजोबा कोण गं?''

मी आजोबांपर्यंत गेले. पणजोबांचं नाव आठवलं, कारण ते आजोबांच्या नावापुढे लागायचं. त्यापुढे मात्र टोटल ब्लँक. बॉस, मास कॉमला असताना आम्हाला शिकवलं होतं की बातमीत 'कोण, कुठे, कधी' आधी आलं पाहिजे. इथे स्वतःच्याच घराची बातमी लिहायची तर तिन्ही रकाने रिकामे.

स्वीडिश लोक एवढे हुशार कसे, हे वाचून काढलं. फंडा सिंपल आहे. १६८६ च्या चर्च कायद्याने तिथल्या पाद्र्यांना जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवणं बंधनकारक झालं. त्याशिवाय घरोघरची एक वेगळी नोंदवही. कोणाला धर्मपाठ वाचता येतो, कोण कुठून राहायला आलं, कोण कुठे गेलं, सगळं त्यात. त्यामुळे १८५० ते १९३० या काळात जे सुमारे बारा लाख लोक स्वीडन सोडून गेले, त्यांचा पाठलाग आज पार चुलीपर्यंत करता येतो. गोची एकच. त्यांच्या खेड्यापाड्यांत तेव्हा कायमचं आडनाव नसायचं. अँडर्सचा मुलगा तो अँडर्सन, त्याचा मुलगा कार्ल, तर कार्लचा मुलगा कार्लसन. दर पिढीला नवीन नाव.

हे वाचून मी हसले होते. दोन महिन्यांनी तिवश्याची जुनी नोंदवही उघडली तेव्हा हसू गेलं. आमच्याकडेही तेच होतं. फक्त 'सन'च्या जागी 'वल्द'.

आम्हाला 'पल्याडचे' का म्हणतात?

तिवसा माहीत नसेल तर सांगते. अमरावतीहून नागपूरकडे निघालात की हायवेवर लागतं. त्याच रस्त्यावर तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी, ते याच तालुक्यातलं. आणि वर्धा नदीच्या काठावरचं कौंडण्यपूर, म्हणजे रुक्मिणीचं माहेर, तेही याच तालुक्यात. संत्रा, कापूस, तूर, सोयाबीन. माझं बालपण या चार पिकांच्या भावांबद्दलच्या चर्चा ऐकत गेलं.

गावात आमच्या घराला 'पल्याडचे' म्हणतात. आडनावाने विचारलंत तर दहा घरं दाखवतील. 'पल्याडच्यांचं घर' म्हणालात की पोट्टं थेट आमच्या ओट्यापर्यंत आणून सोडेल. लहानपणी मला वाटायचं की आमचं शेत नाल्याच्या पलीकडे आहे म्हणून असेल.

दिवाळीच्या सुट्टीत आजीला विचारलं. आजी ऐंशीच्या पुढे आहे. ऐकू कमी येतं, पण जुनं विचारलं की बरोबर ऐकू येतं.

''नदीच्या पल्याडून आले म्हून पल्याडचे. त्यात काय एवढं इचारन्यासारखं?''

''कोण आलं होतं, आजी?''

''माह्या आजेसासरा. मोठ्या दुकायात आला म्हने. एक गठुडं अन् आंगावरचं धोतर. मी नाई पायलं त्यायले, मले माह्या सासूनं सांगतलं.''

काका तिथेच सुपारी कातरत बसले होते. ते एकदम उखडले. ''काहीच्या काही सांगू नको वं माय पोरीले. आपन मूळचे इथलेच आहो. पेटीत कागद हाये ना! राजाचा शिक्का हाये त्याच्यावर.''

हा कागद मी लहानपणापासून बघत आले होते. लक्ष्मीपूजनाला पेटी उघडायची, लाल फडक्यातला तो पिवळा पडलेला कागद पाटावर ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं आणि परत ठेवून द्यायचा. घरातली समजूत अशी की आमच्याकडे कधीकाळी वतन होतं आणि हा त्याचा पुरावा. कागद मोडीत. घरात मोडी वाचणारं कोणी नाही. पन्नासेक वर्षं आम्ही न वाचलेल्या कागदाची पूजा करत होतो.

मी कागदाचा फोटो मोबाइलमध्ये घेतला. काकांना आवडलं नाही, पण नको म्हणाले नाहीत.

लाल बस्त्यातली माणसं

मोडी वाचणारा शोधायला वेळ लागणार होता. तोवर म्हटलं, दुसऱ्या टोकाकडून येऊ. म्हणजे माहीत असलेल्या माणसाकडून मागे मागे.

पहिला थांबा आजोबांची शाळा. विदर्भात शाळेच्या प्रवेशाच्या रजिस्टरला दाखल-खारीज म्हणतात. मूल कधी दाखल झालं, कधी नाव काढलं, जन्मतारीख, बापाचं नाव, जात. मुख्याध्यापकांनी कपाटातून रजिस्टर काढलं, फुंकर मारली आणि वीस मिनिटांत आजोबा सापडले! जन्म १९३२. नोंदीत वडिलांचं पूर्ण नाव, म्हणजे माझे पणजोबा. मी एवढी खूश झाले की मैत्रिणीला तिथूनच मेसेज टाकला, 'स्वीडनवाल्यांनो, सावधान!'

पणजोबांसाठी मात्र तहसीलचे जिने चढावे लागले. वऱ्हाडात जन्ममृत्यूची जुनी नोंद असते ती 'कोतवाल बुका'त. गावचा कोतवाल ऐकून-बघून खबर द्यायचा आणि ती रजिस्टरमध्ये चढायची. हेच काम पश्चिम महाराष्ट्रात 'गाव नमुना १४' करतो. आमच्याकडच्या पोरापोरींना कोतवाल बुक हा शब्द पाठ असतो, कारण अ‍ॅडमिशन किंवा नोकरीच्या वेळी जात पडताळणीसाठी त्याची नक्कल लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा कागद हवा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, त्यानंतर तर राज्यभर असली रजिस्टरं धडाधड बाहेर आली, स्कॅन झाली. एरवी ज्यांच्याकडे वाळवीशिवाय कोणी ढुंकून बघत नव्हतं, त्या बस्त्यांना अचानक भाव आला.

एक धडा इथेच शिकले. मी आधी चुकीच्या दारात उभी होते. तिवसा आज स्वतंत्र तालुका आहे, पण इंग्रजांच्या काळात हा भाग चांदूर तालुक्यात होता. जुना कागद जुन्या हद्दीप्रमाणे शोधावा लागतो. आजचा नकाशा घेऊन गेलात तर हेलपाटे नक्की. एका कार्यालयात तर मला 'ते सगळं जळालं' असं सांगून वाटेला लावलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाबूंनी त्याच खोलीतून तेच वर्ष काढून दिलं. थोडक्यात काय, पहिल्या 'नाही'वर घरी जायचं नाही.

अर्ज, त्यावर कोर्ट फीचं तिकीट, 'सोमवारी या', मग 'गुरुवारी या'. शेवटी एका दुपारी लाल कापडाचा बस्ता सुटला. १९१० च्या पुढची पानं. शाई तपकिरी झालेली, कडा बिस्किटासारख्या तुटणाऱ्या. जन्माच्या नोंदींत मुलाचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. 'मुलगा' किंवा 'मुलगी', एवढंच. बापाचं नाव, पुढे 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि आजोबाचं नाव. आडनाव? औषधालाही नाही. एकाच गावात त्याच नावाचे चार बाप. आता स्वीडनचा अँडर्सन समजला!

मला वाचवलं ते 'वल्द'ने. आजीला आजेसासऱ्याचं नाव माहीत होतं आणि त्याच्या बापाचंही, कारण अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरताना ती नावं घेतली जातात. ही जोडी अख्ख्या रजिस्टरमध्ये एकदाच येत होती. सन १९१२. मुलगा. बापाचं नाव तेच, आजोबाचंही तेच.

ते 'मुलगा' म्हणजे माझे पणजोबा.

१९१८ चं पान

इथे थांबले असते तर ही एक गोड स्टोरी झाली असती. पण मी मृत्यूची वहीपण मागितली. खापरपणजोबा कधी गेले ते बघायचं होतं.

या वहीत मरणाचं कारण लिहिलेलं असतं. ताप, पटकी, देवी, प्लेग. साधारण पानात वेगवेगळी कारणं दिसतात. १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये आले आणि पानं एकसारखी व्हायला लागली. ताप. ताप. खाली तोच शब्द, त्याच्याखाली परत तोच. मग लिहिणाऱ्याने शब्द लिहायचाच सोडला आणि नुसती दोन टिंबं दिली, 'वरीलप्रमाणे'. मध्येच अक्षर बदललं. कुणीतरी दुसरा लिहायला बसला होता.

इन्फ्लुएन्झा. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून ही साथ देशात शिरली आणि पावसाळा संपता संपता दुसऱ्या, खऱ्या जीवघेण्या लाटेने गावंच्या गावं झोपवली. देशभरातल्या बळींचे अभ्यासकांचे बहुतेक अंदाज सव्वा कोटीच्या पुढे जातात. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या भागांपैकी एक. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली होती. हे सगळं कोविडच्या काळात आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे वाचलं होतं. मीसुद्धा त्यावर एक लेख पाडला होता, चक्क घरबसल्या.

त्या पानावर सहा दिवसांच्या अंतराने दोन नोंदी होत्या. एक 'मुलगी, वय १'. दुसरी, बाई, वय २५. बाईच्या नावाच्या जागी फक्त 'जौजे', म्हणजे अमक्याची बायको, आणि पुढे खापरपणजोबांचं नाव.

म्हणजे पणजोबा सहा वर्षांचे असताना त्यांची आई आणि धाकटी बहीण एकाच आठवड्यात गेल्या. आमच्या घरात हे कोणी कधी बोललं नव्हतं. पणजोबा आयुष्यभर घरात कोणी आजारी पडलं की जेवायचे नाहीत, एवढंच बाबांना आठवतं. सगळे त्यांना विक्षिप्त म्हणायचे.

रेकॉर्ड रूमच्या बाहेर मी जरा वेळ बसून राहिले. चहावाल्याने विचारलं, ''ताई, काम नाही झालं का?'' मी म्हटलं, ''झालं.''

त्या रात्री आजीला फोन केला. वहीत त्या बाईचं नाव नाही, असं सांगितलं. आजी म्हणाली, ''वहीत कायले पायजे? मले माईत हाये ना.'' आणि तिने नाव सांगितलं. सरकारी कागदाने तारीख दिली, आजीने नाव दिलं. मी दोन्ही एका ओळीत लिहून ठेवलं. शंभरावर वर्षांनी पहिल्यांदा ते दोन्ही एकत्र आले असतील.

राजाच्या शिक्क्याचा कागद

मोडी वाचणारे काका अखेर अमरावतीत भेटले. पुराभिलेख खात्याच्या वर्गात मोडी शिकलेले, निवृत्त, चष्मा कपाळावर. आमच्या काकांनी हट्टाने कागद स्वतः आणला होता, लाल फडक्यासकट.

वाचणाऱ्यांनी शिक्का बघितला आणि म्हणाले, ''हा पंचम जॉर्ज. म्हणजे हा स्टॅम्प पेपर आहे.''

''म्हणजे वतनाची सनद नाही?'' काकांनी विचारलं.

''नाही हो. खरेदीखत आहे.''

ते हळूहळू वाचत गेले. सन १९२१. तिवश्यातल्या एका शेतकऱ्याने चार एकर कोरडवाहू जमीन विकली. घेणारा, माझे खापरपणजोबा. नावापुढे वल्द, मग राहणार मौजे अमुक, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा. आणि त्यापुढे तीन शब्द: 'हल्ली मुक्काम तिवसा'.

बावीस वर्षं गावात काढल्यानंतरही हल्ली मुक्काम!

बावीस कसं कळलं? पुढच्याच ओळीत होतं. विकणाऱ्याने लिहून दिलं होतं की तुम्ही बावीस सालांपासून आमच्याकडे सालाने राहता, त्या सालाच्या बाकी रकमेपोटी इतके आणि रोख इतके, असे मिळून किंमत पावली. सालाने राहणं म्हणजे सालदारकी. गुढीपाडव्याला ठरवायचं आणि वर्षभर मालकाच्या शेतात राबायचं, गोठ्यापाशी झोपायचं.

१९२१ मधून बावीस गेले की १८९९. आजीचा 'मोठा दुकाय' बरोबर तिथेच येतो. त्या वर्षी पाऊस गेला आणि १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, १८९६-९७ मध्ये, एक दुष्काळ येऊन गेलेला होता.

काका काही बोलले नाहीत. कागदाची घडी घातली, फडक्यात बांधला. गाडीत बसल्यावरही गप्प. मोझरी गेल्यावर एकदम म्हणाले, ''सालदार होते म्हन्जे...''

''हो काका.''

''अन् आपन पूजा करतो सनद म्हून.''

मला वाटलं आता ते चिडतील, कागद परत पेटीत टाकतील आणि हा विषय बंद. माझ्या पोटात गोळाच आला होता. म्हातारपणी माणसाचा अभिमान काढून घेणं हे काही चांगलं काम नाही, आणि मी ते एका लेखासाठी केलं होतं. गाडी घराशी लागली तेव्हा काका म्हणाले, ''बावीस वर्सं दुसऱ्याच्या गोठ्यात झोपून चार एकर घेतलं मानसानं. आमाले बापाचं आयतं भेटलं, तरी आमी दीड एकर इकलं.''

नदी ओलांडायची तरी का?

आर्वी आणि तिवसा यांच्यात फक्त वर्धा नदी आहे. आज पुलावरून गाडी काही मिनिटांत जाते. मग तेव्हा त्या माणसाला इकडे येऊन काय वेगळं मिळणार होतं?

उत्तर इतिहासात सापडलं आणि मला ते सॉलिड वाटलं. नदीच्या दोन काठांवर दोन वेगळी राज्यं होती. पलीकडे नागपूरकर भोसल्यांचा मुलूख, जो पुढे इंग्रजांच्या मध्य प्रांतात गेला. अलीकडे वऱ्हाड, निजामाचं. १८५३ च्या तहाने निजामाने ते इंग्रजांकडे सोपवलं, १९०२ मध्ये वर्षाला २५ लाखांच्या बदल्यात ते कायमच्या पट्ट्याने दिलं आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. म्हणजे आमचे खापरपणजोबा आले तेव्हा ते खरोखरच एक सरहद्द ओलांडून आले होते.

आणि दोन्हीकडची जमिनीची पद्धत वेगळी. पलीकडे मालगुजारी. गावाचा मालगुजार सरकारात सारा भरणार, बाकीचे त्याची कुळं. अलीकडे वऱ्हाडात रयतवारी, मुंबई इलाख्यासारखी. शेत ज्याच्या नावावर, त्याने सरळ सरकारला सारा भरायचा. म्हणजे चार पैसे गाठीला असतील तर सालदारसुद्धा एक दिवस सात-बारावर, तेव्हाच्या भाषेत शेतवार पत्रकावर, येऊ शकत होता. अजूनही ही खूण कागदांत दिसते. इकडे 'सर्वे नंबर', तिकडे 'खसरा'.

त्यात कापूस. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे मोर्चा वळवला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. काळ्या जमिनीत कापूस वाढला तसे वेचायला, निंदायला हात लागू लागले. एका खंडात युद्ध, दुसऱ्या खंडात गिरणी आणि तिसऱ्या ठिकाणी एक पोरगा गठुडं घेऊन नदी ओलांडतो. ग्लोबलायझेशन म्हणजे आपल्या पिढीचा शोध, असं आपल्याला उगाच वाटतं!

त्याच काळात मराठी माणसं याहून फार लांबही जात होती. मुंबई बंदरातून, विशेषतः कोकणातून, कितीतरी जण करारावर मॉरिशसच्या ऊसमळ्यांत गेले. १८३४ पासून तिथे उतरलेल्या सुमारे साडेचार लाख भारतीय मजुरांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. नाव, बापाचं नाव, गाव, जात, बोट आणि नंतरच्या काळातल्या मजुरांचे तर फोटोसुद्धा. ते ज्या धक्क्यावर उतरले तो आप्रवासी घाट २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मजुरावर लक्ष ठेवायला साहेबाने केलेली नोंद आज त्याच्या पणतवंडांच्या कामी येते. आमच्या नदी ओलांडणाऱ्याचा फोटो कोणी काढला नाही. त्याच्यासाठी कोणाला परवानगीही मागावी लागली नव्हती.

पल्याड

शेवटचा टप्पा, आर्वी तालुक्यातलं ते गाव. काका स्वतःहून म्हणाले, ''मी येतो.'' आजीने सोबत दशम्या दिल्या, जसं काही आम्ही मुंबईलाच चाललो होतो.

वाटेत कौंडण्यपूरला थांबलो. देवळात नारळ फोडला. काकांनी नदीकडे बघून डोळ्यांवर हात धरला. रुक्मिणी इथूनच द्वारकेला गेली म्हणतात. मी म्हटलं, ''काका, बघा, या काठाला घर सोडून जायची सवय जुनीच आहे.'' काका हसले. बऱ्याच दिवसांनी.

त्या गावच्या जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत खापरपणजोबांच्या बापाचं नाव मिळालं नाही. मालगुजार आहे, मोठी कुळं आहेत, विहिरी, आंब्याची झाडं मोजलेली आहेत. मजुराला रकाना नाही. ज्याने सारा भरला तोच कागदावर उरला. इथे आमचा रस्ता संपला.

पण गावात आमच्याच आडनावाची तीन घरं निघाली. पारावरच्या एका म्हाताऱ्या आजोबांना काकांनी सगळं सांगितलं. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, ''आमच्यातला एक नदी उतरून गेल्ता म्हनत. वापस नाई आला. मेला असंन म्हून समजले लोकं.''

ते आणि आम्ही एकाच खोडाचे, याचा कागद माझ्याकडे नाही. पडताळणी समिती हे मान्य करणार नाही आणि तो मिनेसोटावालाही मान डोलावणार नाही. पण त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ताटावर बसल्यावर काका यजमानांना म्हणाले, ''गेलेला मानूस मेला नोयता. चार एकर घेतलं त्यानं. तेच सांगाले आलो.''

आता आमच्या घरी दोन बदल झालेत. एक, लक्ष्मीपूजनाला तो कागद अजूनही पाटावर येतो, पण सोबत त्याचं मराठी वाचन एका वहीत असतं आणि काका ते पोराबाळांना मोठ्याने वाचून दाखवतात. सालदारकीच्या ओळीला आवाज कमी करत नाहीत. दोन, सोयाबीन काढायला मेळघाटातून मजूर येतात, त्यांना काका आधी 'बाहेरचे' म्हणायचे. आता नावाने हाक मारतात. मजुरी वाढवली का, ते मी विचारलं. त्यावर म्हणाले, ''तू पुन्याची, तुले काय समजते शेतीतलं!''

पुण्याची? गेल्या महिन्यात भाडेकरार करताना एजंटने माझा मूळ पत्ता आणि आत्ताचा पत्ता विचारला. मी फॉर्मवर लिहिलं: राहणार तिवसा, जिल्हा अमरावती. हल्ली मुक्काम पुणे.

तुम्हालाही शोधायचंय? हे करून बघा

आधी आजी-आजोबा: मोबाइलचा रेकॉर्डर चालू करा आणि नावं, गावं, लग्नं, साथी, दुष्काळ विचारा. पितरांची नावं सणाला कोण घेतं ते शोधा. कागद थांबेल, आजी थांबणार नाही.

शाळा: दाखल-खारीज किंवा जनरल रजिस्टर. पणजोबा शाळेत गेले असतील तर इथेच निम्मं काम होतं.

जन्म-मृत्यू: विदर्भात कोतवाल बुक, इतरत्र गाव नमुना १४. तहसीलमध्ये नक्कलेसाठी अर्ज करता येतो. गाव पूर्वी कोणत्या तालुक्यात होतं ते आधी विचारून घ्या.

जमीन: सात-बारावरून फेरफार, फेरफारावरून त्याआधीचा फेरफार. विदर्भात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, त्याआधी शेतवार पत्रक. बरेच जुने अभिलेख आता स्कॅन झालेत.

घरातले दस्त: खरेदीखत, गहाणखत फेकू नका. 'राहणार' आणि 'हल्ली मुक्काम' हे शब्द आधी शोधा.

मोडी: घाबरू नका. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होतात, वाचून देणारे जाणकारही मिळतात. मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या सरकारी कागदांसाठी नागपूरचं पुराभिलेखागार.

तीर्थोपाध्याय: नाशिक, त्र्यंबकेश्वरला घरचं कोणी कधी गेलं असेल तर तिथल्या उपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनावावरून नोंद मिळू शकते.

आणि हो, जे सापडेल ते आवडेलच असं नाही. सुपारी कातरणारा एखादा काका सोबत ठेवा.